आत्या मातीला आली

माझी पोरगी राज्याच्या संघातून फुटबॉल खेळते. आमच्या वाटूरमध्ये हे सांगितलं की लोक आधी विचारतात, "पोरींचा बी असतो का?" असतो बाबा. आणि पोरी हारतात बी.

फायनलला चेंडू तिच्याच पायाला लागून स्वतःच्याच गोलात गेला. सामना गेला. घरी आल्यावर तिनं इन्स्टावर आपला फोटो टाकला, खाली लिहिलं, "चूक माझी. माफ करा." झालं! जे जन्मात पोरींचा सामना बघायला फिरकले न्हाईत, तेच तिच्यावर तुटून पडले. कुणी रंग काढला, कुणी जात काढली, कुणी विचारलं किती पैसे खाल्ले. मी म्हणलं, "बंद कर ते." पण ती जेवताना बी वाचून राह्यली होती. सोमवारी तिला पुढच्या शिबिराला जायचं होतं आणि बॅगेला हात लावला नव्हता. ती जाते का खेळ सोडते, या घोरानं माझा जीव अर्धा झाला होता.

मंग कुण्या हरामखोरानं तिच्या त्याच फोटोला हार घातला, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं आणि व्हॉट्सॲपवर सोडून दिला. खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. तो फोटो फिरत फिरत आष्टीला माझ्या नणंदेच्या मोबाईलवर गेला.

रविवारी दुपारी दारात रिक्षा थांबली. नणंद हंबरडा फोडतच उतरली, "माझी सोन्यासारखी लेक गं!" फोन करून विचारायचं तिला सुचलंच न्हाई. अशा बातमीला कोण विचारत बसतं? माणूस मातीला निघतंच. दार पोरीनंच उघडलं. बाई मटकन उंबऱ्यात बसली. पोरीचं तोंड, हात, केस चाचपून राह्यली, आणि रडणं काही थांबेना. ते फोटोवाले समोर असते ना, तर एकेकाला चपलेनं हाणलं असतं मी.

पोरगी रडली न्हाई. आत्याला पाणी दिलं, चहा केला, गोळा झालेल्या शेजारणींना घरी पाठवलं. आत्या म्हणतच होती, "नको जाऊ बाई आता. बस झालं." मला बी तेच म्हणावं वाटून राह्यलं होतं.

आत्याला रिक्षात बसवून ती आत आली आणि बॅग काढून कपडे भरायला लागली. मला इतकं बरं वाटलं, मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिनं वर पाह्यलं न्हाई.

"आई, जाते मी. पण पुन्हा हारलो, तर तू आत्याला आधीच फोन कर. सांग, मी जित्ती हाय म्हणून."