साडूंची केसांची गोळी

स्वतःच्या डोक्यावर एवढा जीव टाकणारा, आणि त्याच डोक्याचा वापर एवढ्या काटकसरीने करणारा माणूस माझ्या साडूंशिवाय अख्ख्या नाशिकमध्ये दुसरा झाला नसेल. अंबडच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते, पण मशीनपेक्षा कंगव्याची देखभाल जास्त. लग्नाच्या पंगतीत आधी पंखा कुठे आहे ते बघणार, मग लांबचं पान धरणार. रंगपंचमीला सगळं गाव चौकातल्या रंगाच्या हौदात, म्हणजे रहाडीत, धपाधप उड्या मारत असताना हे गृहस्थ कानटोपी घालून न्हाणीघराला आतून कडी लावून बसायचे. "रंगाने मुळं सैल होतात, साडूभाऊ," असं दाराआडून मला ऐकवायचे.

एवढी सेवा करूनही केस निघालेच. विंचूरहून कांद्याची गोणी आणून रस चोळून झाला. त्या काळात त्यांच्याशेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांना धार लागायची. मग सन दोन हजारच्या आसपास कुणीतरी केस थांबवणारी गोळी सांगितली. डॉक्टरला विचारायचं कशाला, दुकानातून थेट आणली. केस थांबले, तेवढं मी कबूल करतो. पण लग्न आधीच उशिरा झालेलं, त्यात वर्षांमागून वर्षं गेली तरी घरात पाळणा हलेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाईंचं सगळं ठीक आहे, यजमानांचं जरा कमी दिसतंय, काही औषधं चालू आहेत का? "छे, मी तापाचीही गोळी घेत नाही," हे महाशय म्हणाले. केसांची गोळी हे त्यांच्या लेखी औषध नव्हतंच, खत होतं. त्यांच्या मातोश्रींनी तर सगळा दोष सुनेच्या, म्हणजे माझ्या मेहुणीच्या माथी मारून तिच्यामागे उपास लावले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. ती वाळत चालली आणि हा शूर गडी तिच्यासमोर शेवभाजी ओरपत बसायचा. मला तर ते ताट त्यांच्या त्या लाडक्या केसांवर पालथं घालावंसं वाटायचं.

शेवटी मातोश्रींनी त्र्यंबकला नागबळी करायचं ठरवलं. मूल व्हावं म्हणून करतात ती पूजा. सोबतीला मीही गेलो. गुरुजी म्हणाले, "यजमान, आधी मुंडण." न्हावी वस्तरा काढून तयारच होता. साडूंचा चेहरा पडला.

"गुरुजी, थोडे मागून कापले तर?"

"मागून चालत नाही."

"अरे, केसच ते. परत येतील," मातोश्री म्हणाल्या.

"नाही येत, आई. म्हणून तर गोळी घेतो."

"कसली गोळी?"

साडूंनी दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. मेहुणी पांढऱ्या कोऱ्या साडीत उभी होती, सकाळपासून उपाशी. "सांगा ना," ती म्हणाली. "मलाही ऐकू दे."

मग तिथेच खाली बसून त्यांनी सांगितलं. गोळी सुरू केल्यापासून इच्छाच मेली होती आणि अंगही साथ देत नव्हतं. लाजेने ते रोज भिंतीकडे तोंड करून झोपायचे. मध्ये दुकानात माल नव्हता तेव्हा बरं वाटायला लागलं होतं, पण उशीवर केस दिसले आणि माल येताच गोळी पुन्हा सुरू झाली. सगळं ठाऊक असून गप्प बसले होते लेकाचे. सांगून झाल्यावर रडले, आणि म्हणाले, "हिचा काही दोष नाही, आई. हिला जेवू घाल."

मेहुणीनेच न्हाव्याला सांगितलं, "काढा हो सगळे."

गोळी सुटली. हळूहळू तब्येतही ताळ्यावर आली, पण मूल होण्याचं वय तोवर मेहुणीच्या हातून निसटलं होतं. मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. तिने कधीच करून टाकलंय. हल्ली ते तुळतुळीत टक्कल घेऊन लग्नाला येतात, पंख्याच्या बरोबर खाली उभे राहतात, आणि बायकोचं पान वाढलं गेलंय का ते बघतात. तिने पहिला घास घेतल्याशिवाय स्वतः बसत नाहीत.