सातवी थाप

जळगाव जामोदजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचो. लांब शब्दाचे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला बाकावर एक थाप मारायची, ही माझी युक्ती तालुकाभर गाजली. ती माझी नव्हती. वर्गातली एक मुलगी असं पाठांतर करायची. बाक वाजवते म्हणून मी तिला बाहेर उभं केलं, आणि पुढच्याच आठवड्यात तीच युक्ती वर्गाकडून घोटून घेऊन तपासणीला आलेल्या साहेबांना आपली म्हणून दाखवली.

वर्गाने ‘रि-स्पॉन-सि-बि-लि-टी’ला सहा थापा मारल्या आणि वर सातवी. मी घाईने म्हणालो, “ती पूर्णविरामाची.” साहेब खूश झाले. सगळ्या शाळांना तसंच शिकवायला सांगून गेले.

परवा, चाळीस वर्षांनी, बाजारात ती भेटली. आता ती भाजी विकते. मी सगळं कबूल केलं.

“मले तवाच माहीत होतं, सर,” ती वांगी तोलत म्हणाली. “म्हणून तं सातवी थाप मीच पोराईले शिकवली होती. वाटलं, तुमी पकडले जासान.”

“आता खरं लिहून टाकतो.”

“लिवा. पण पूर्णविराम तुमच्याच नावावर ठेवा. माही नात अजून सात थापा मारते.”