मी नसताना

काल एस्तर मॅडम गेल्या आणि कोणाचंही काही अडलं नाही.

वाचून राग आला ना? मॅडमना मात्र हे वाक्य आवडलं असतं. त्यांनी आयुष्यभर त्याचीच तयारी केली होती.

ज्यांना त्या माहीत नाहीत त्यांच्यासाठी. पनवेलमधल्या आमच्या कंपनीत त्या टायपिस्ट म्हणून लागल्या आणि चार प्लांटच्या अॅडमिन हेड म्हणून रिटायर झाल्या.

मी त्यांच्या हाताखाली आले ती एमडी साहेबांची एक्झिक्युटिव्ह असिस्टंट म्हणून. नवीन, हुशार आणि अतिशहाणी.

मॅडम आमच्या इथल्या मराठी ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत घरी जाऊन दिवा लावायचा. मग शनिवारची संध्याकाळ होईपर्यंत काम नाही, फोन नाही.

आमचं ऑफिस शनिवारी चालू.

म्हणून दर शुक्रवारी चार वाजता त्या टेबलावर एक कागद ठेवायच्या. वर लिहिलेलं असायचं, "मी नसताना".

एकच पान.

"साहेब दुसऱ्या पानावर सही करायला विसरतात, पान उघडूनच पुढे करा."

"नाशिकच्या पार्टीचा फोन आला तर मीटिंगमध्ये आहेत म्हणू नका. आज बोलणार नाहीत म्हणून सांगा. ते खरं ऐकून घेतात."

मला हसू यायचं. एवढं सगळं लिहून दिलं तर आपली किंमत काय राहिली?

मॅडम रिटायर झाल्या आणि मी कागद बंद केला. सगळं माझ्या डोक्यात. कोणाचा फोन जोडायचा, कोणाचा टाळायचा, कुठली फाइल कुठे.

सख्ख्या भावाच्या हळदीत मला ऑफिसचे नऊ फोन आले. नातेवाईकांसमोर काय कॉलर ताठ झाली होती माझी!

मग नव्या प्लांटला बिझनेस मॅनेजरची जागा निघाली. मी अर्ज केला. ते काम मला येत होतं, आणि हे साहेबांनाही माहीत होतं.

साहेब म्हणाले, "सुजाता, तू तिकडे गेलीस तर इथे पान हलणार नाही."

दोन सेकंद मी खूश झाले.

मग कळलं की हा नकार आहे.

जागा दुसऱ्याला मिळाली. मी तडक रोडपालीला मॅडमच्या घरी गेले आणि रडले. त्या मेथी निवडत होत्या. अर्धी जुडी माझ्यापुढे सरकवली.

"अभिनंदन," त्या म्हणाल्या. "स्वतःला खुर्चीला स्क्रूने बसवून घेतलंस."

"मॅडम, मी एवढं केलं त्यांच्यासाठी!"

"केलंस गं. पण दुसऱ्या कोणाला करता येईल असं काही ठेवलंस का? मला प्रत्येक प्रमोशनच्या वेळी एकच प्रश्न विचारला जायचा, तुमच्या जागी कोण? मी कागद पुढे करायचे, आणि तो कागद वाचून काम शिकलेली मुलगी."

मी मेथी निवडत राहिले.

घरी येऊन कागद लिहिला. अकरा पानं झाली. मॅडमनी परत पाठवला. "ही कादंबरी आहे. एका पानात बसव."

बसवला. रिसेप्शनवरच्या कीर्तीला शेजारी बसवून शिकवलं. मग मॅडमचा हुकूम आला, "आता शनिवारी सुट्टी घे आणि फोन बंद ठेव."

त्या शनिवारी मी फोन कपाटात ठेवला आणि बाजारात दोन तास उगाच फिरले. काहीतरी नक्की फुटलं असणार.

सोमवारी साहेबांनी मान वर न करता विचारलं, "शनिवारी तू नव्हतीस का?"

मला इतकं लागलं ते! मॅडमना सांगितलं तर त्या खदखदून हसल्या. "पास झालीस," म्हणाल्या.

पुढच्या वर्षी परत जागा निघाली. साहेबांनी विचारलं, "पण तुझ्या जागी कोण?"

मी कागद पुढे केला. आणि कीर्तीला.

आज मी त्या प्लांटची बिझनेस मॅनेजर आहे. कीर्तीचा कागद माझ्या कागदापेक्षा चांगला असतो, हे मान्य करायला मला जरा वेळ लागला.

काल सकाळी मॅडम झोपेतच गेल्या. शेजारच्या ताईंकडे चावी होती, त्या आत गेल्या.

फ्रिजवर कागद होता. "मी नसताना".

डॉक्टरांचा नंबर. सिनेगॉगमधल्या मंडळींचा नंबर. पुण्याच्या भाच्याला कोणी आणि कसं सांगायचं. कपाटाची चावी कुठे. गवती चहाच्या कुंडीला पाणी कोण घालणार.

दुपारी, त्यांच्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी, दफन झालं. कोणाची धावपळ नाही, कोणी कोणाला विचारत बसलं नाही.

कंपनीचे जुने ड्रायव्हर बाळाराममामा नेऱ्याहून आले होते. डोळे पुसत म्हणाले, "आमाला कोनाला कायच इचारायला लागला नाय. सगला कागदावर हाय."

मी थक्क होऊन उभी होते. माणूस स्वतःच्या मरणाचाही हँडओव्हर देऊन जातो?

तेवढ्यात भाच्याने तो कागद माझ्या हातात दिला. "यात तुमचं नाव आहे," म्हणाला.

अगदी खाली, त्याच सरळ अक्षरात, शेवटची ओळ होती.

"सुजाताला कळवा. ती लगेच कामाला लागेल. तिला काही करू देऊ नका. बसवा आणि रडू द्या."

मॅडम, आज शुक्रवार. चार वाजलेत. माझा कागद टेबलावर ठेवला आहे, फोन बंद करते आहे.

तुमच्या यादीतलं तेवढं एकच काम राहिलंय. ते करायला बसले आहे.

नमस्कार, मॅडम. या आता.