ग्यानोबा आणि बुटकी गाडी

ग्यानोबाला नेमकं झालं काय, हे मला त्या उन्हाळ्यात काही केल्या कळत नव्हतं. त्याची बायको, सिंधुवहिनी, विचारायच्या आणि मी नुसतं डोकं खाजवायचो.

तो एसटीचा ड्रायव्हर, मी त्याचा कंडक्टर. देगलूर-उदगीर-लातूर ही गाडी आम्ही दोघांनी इतकी वर्षं चालवली, की डेपोतले लोक आम्हाला नवराबायको म्हणायचे. तो पुढे, मी मागे. माणूस इतका सांभाळून चालवणारा, की लांबवर कोंबडी दिसली तरी याचा पाय ब्रेकवर. रस्त्यात कुणी हात केला आणि ग्यानोबा थांबला नाही असं कधी घडलं नाही. ‘हात दाखवा, एसटी थांबवा’ हे इतरांसाठी पाटीवरचं वाक्य होतं, याच्या मात्र ते पायात उतरलं होतं. प्रवासी वैतागून बैलगाडी म्हणायचे. ग्यानोबा मान हलवायचा आणि आणखी हळू घ्यायचा. त्याच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आणलं, तो हा उन्हाळा. उदगीर जिल्हा झालाच पाहिजे म्हणून एक दिवस रास्ता रोको झाला आणि आमची गाडी उदगीरच्या अलीकडेच अडकली. प्रवासी शिव्या देत चालत निघून गेले. रस्त्याला लागूनच गुरुबसप्पाचं वॉटर पार्क होतं. उदगीर जिल्हा होणार, कलेक्टर येणार, साहेबलोकांची लेकरं पाण्यात उड्या मारायला येणार, अशा हिशेबानं त्यानं ते बांधलं होतं. जिल्हा झाला नाही, आणि आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घसरगुंड्या कोरड्या ठणठणीत पडल्या. मग या गड्यानं पार्किंगच्या सिमेंटवर जुने टायर रचून वळणावळणाची वाट केली, हैदराबादेहून वापरलेल्या पाच गाड्या आणल्या आणि ‘गो-कार्टिंग’ अशी पाटी लावली.

आम्ही पाणी मागायला आत गेलो. ग्यानोबा त्या गाड्यांभोवती फिरत राहिला. गाडी कसली, चार चाकांवर ठेवलेली खुर्ची. दार नाही, छप्पर नाही, गिअर नाही. मी म्हटलं, रेसिंग म्हणजे श्रीमंतांच्या पोरांचे चोचले, आपलं काम नव्हे. तर गुरुबसप्पा म्हणाला, दोघांनी हॉटेलात भजी-चहा घेतला तर जेवढे पैसे होतात तेवढ्यात पोटभर फेऱ्या, आणि आज रस्ता बंद, तेव्हा पहिली फेरी फुकट. ग्यानोबानं आधी क्लच कुठं आहे ते विचारलं. नाही म्हटल्यावर क्षणभर घुटमळला, हेल्मेट घातलं आणि बसला.

परत आला तेव्हा त्याचा चेहरा मला ओळखू येईना. किती वेगानं पळते ही, असं त्यानं विचारलं. चाळीसच्या आसपास, गुरुबसप्पा म्हणाला. ग्यानोबाला ते पटेना. एसटी साठनं पळते तेव्हा याला जांभया येतात, आणि इथं चाळीसला काळीज तोंडात? बूड जमिनीला टेकलं की चाळीसही शंभर वाटतात, असं गुरुबसप्पानं समजावलं. तरी ग्यानोबा परतीच्या वाटेवर स्वतःशीच मान हलवत होता.

मग दर सुट्टीला हा गायब. तंबाखू सोडली आणि त्या पैशात फेऱ्यांचं भागवायला लागला. सिंधुवहिनींना वाटलं, एखादी बाई आहे. मी टायरांच्या वाटेबद्दल खरं खरं सांगितलं, तेव्हा त्यांना माझाच संशय यायला लागला. मला तर रागच यायचा. जन्मभर मी इथून तिथवरची तिकिटं फाडली. हा गोल गोल फिरतो आणि जिथं बसला तिथंच उतरतो, याचं तिकीट कुठलं फाडायचं? गावात बाया टँकरमागे धावतायत आणि घोड्यासारखा हा बाप्या टायरांमधून पळतोय. वेड लागलं म्हणावं, तर ड्युटीवर तीच जुनी बैलगाडी.

गुरुबसप्पा रविवारी पाचही गाड्यांची शर्यत लावायचा. ग्यानोबाला नंबर नको होता. निवृत्तीच्या आत एक शर्यत न थांबता पुरी करायची, एवढंच त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि नेमकं तेच जमत नव्हतं. एकदा तर गडी चक्क पहिला होता. टायरांपलीकडच्या रस्त्यावर एका म्हातारीनं टमटमला हात केला आणि यानं कचकन ब्रेक मारला. हेल्मेटची काच वर करून तिला म्हणाला, मागून गाडी यायलीय, मावशी. तोवर बाकीचे चौघं पुढे निघून गेले. लोक पोट धरून हसले. ग्यानोबा मात्र हेल्मेट ठेवून तडक घरी निघाला, आणि मला त्याच्यासाठी फार वाईट वाटलं.

पुढच्या रविवारीही मी त्याच्याबरोबर गेलो आणि लोकांचे हात खाली ठेवायच्या कामाला लागलो. टाळ्या नका वाजवू, टोपी नका हलवू, कपाळावर हात धरून बघू नका. लोकांना वाटलं, ड्रायव्हरपेक्षा कंडक्टरच जास्त बिघडलाय. शेवटची फेरी आली आणि रस्त्यावर एका बाईनं कडेवरचं लेकरू सावरत टेम्पोला हात केला. रस्त्यावरच्या माणसाला मी काय सांगणार? ग्यानोबाची मान तिकडे वळली. गाडी किंचित मंदावली आणि मग निघून गेली.

तो तिसरा आला.

“थांबलो न्हाई, मलप्पा,” तो म्हणाला. चोरी कबूल करावी तसा.

मी विचारलंच, “ग्यानोबाभाऊ, खरं सांगा. ह्यात काय घावतंय तुमाला?”

त्यानं हेल्मेटचा पट्टा चाळवला. “मागं कोनीच नसतंय रे. आयुष्यभर पाठीवर पन्नास जिवांची भीती घेऊन चालवलं. हितं मागं कोनी न्हाई. लई हलकं वाटतंय.”

मला ते लागलं. त्या पन्नासांतला रोजचा एक जीव मीच होतो. आमची इतक्या वर्षांची सोबत याला ओझं वाटली की काय, हे मला धड कळेना, आणि विचारायचाही धीर होईना. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि हेल्मेट माझ्या हातात दिलं.

“तू बी बस,” तो म्हणाला. “येगळ्या गाडीत. माझ्या शेजारनं चल.”

मी बसलो. कुठल्या पायाखाली काय आहे, ते त्यानं वाकून दाखवलं. तोवर जन्मात मी कधी स्टिअरिंग धरलं नव्हतं.