सर्व्हर पूजेला बसला

जगभरातले हौशी लोक मिळून साऱ्या दुनियेचा फुकट नकाशा बनवतात. त्यांचा एक प्रादेशिक सर्व्हर ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीत, आमच्या घरी फ्रिजशेजारी ठेवलेला. महिनाभर नीट चालला तर त्यांच्या यादीत ग्वाल्हेरचं नाव कायम होणार. अख्खा दिवस बंद राहिला तर खेळ खलास. मुंबई-बंगळुरूच्या नाकावर टिच्चून हे नाव लावायचंच, असं मी ठरवलं होतं.

वीज गेली, तर इन्व्हर्टर होता. केबलवर माकडांनी झोके घेतले, तर दुसरी लाइन होती. वडिलांसाठी मात्र काहीच सोय केलेली नव्हती.

खंडेनवमीला आंघोळ करून आलो, तर पाटावर पणजोबांची गंजकी तलवार, मिक्सर, स्कूटरची किल्ली आणि माझा सर्व्हर. हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. वायर छान गुंडाळलेली.

"बाबा, बंद का केलंत?"

"बंद नाही, पूजेला बसवलंय. हत्यार आज चालत नाही, उद्या दसऱ्याला उठेल. मशीनला पण आराम पाहिजे की नाही?"

मी विनवलं, चिडलो, जग अडलंय म्हणालो. आमचे पूर्वज दख्खनहून लढत लढत इथे आले. लढाया संपल्या, हट्ट तेवढा घरात राहिला. मग जगाच्या तक्रारींची वाट पाहत बसलो. एकही आली नाही. सगळे गुपचूप सिंगापूरच्या सर्व्हरवर गेले होते. खरं सांगतो, रडू आलं.

संध्याकाळी बाबा फोन घेऊन आले. "अरे, ते नकाशाचं पेज खुलत नाहीये. सकाळपासून ट्राय करतोय."

त्यांच्या फोनला फक्त घरचाच सर्व्हर मीच जोडून दिला होता. ते वापरत असतील असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्हाला कशाला हवंय ते?"

"दाल बाजारातली आपली जुनी गल्ली कोण्या शहाण्यानं चुकीची काढलीय. रोज बसून दुरुस्त करतोय मी."

"तुमचं पेज पाटावर आहे. झेंडूखाली."

बाबांनी पाटाकडे पाहिलं. मग त्यांनी हात धुतले, सर्व्हरवर अक्षता टाकल्या, तो जरासा हलवला आणि म्हणाले, "याची उत्तरपूजा झाली. लाव लवकर."

तलवार आणि मिक्सर दसऱ्यापर्यंत तिथेच राहिले. ग्वाल्हेरचं नाव मात्र टिकलं. महिनाअखेरीस संयोजकांना मी अभिमानानं कळवलं: संपूर्ण विभागातून एकच तक्रार आली, तिचं त्याच दिवशी निवारण झालं.