कार्डावरच्या नावानं हॅवलॉकला

सुमन मावशीचा फोन आला तेव्हा मी मखमलाबाद नाक्याजवळच्या एका किराणा दुकानाच्या पाटीवर ‘दुर्गा’मधला ऱ्हस्व उकार काढत होतो. शिडीवर असताना मी फोन घेत नाही, पण खिशातली घरघर थांबेना म्हणून उतरलो. मावशीच्या मुलीचं, शीतलचं, लग्न ठरलं होतं. मुलगा अंदमानातल्या त्यांच्या हॅवलॉक बेटावरचाच, बंगाली. दुपारी साडेबाराला आपल्या पद्धतीनं लग्न, संध्याकाळी त्यांच्या पद्धतीनं. मावशीचं एकच मागणं होतं. मुंडावळ्या आपल्या मळ्यातल्या फुलांच्या हव्यात आणि त्या माझ्या आईनंच येऊन बांधायच्या. फोन ठेवताना म्हणाली, “कवतीला सांग, बारा वर्षं मी काही मागितलं नाही.”

मावशीचे यजमान पूर्वी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे फिटर होते. पुढे हॅवलॉकच्या डिझेलवर चालणाऱ्या वीजघरात नोकरी लागली आणि ते कुटुंब तिकडचंच झालं. दोघी बहिणींची भेट बारा वर्षांत नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, मळा सोडू शकत नव्हते. डिसेंबरात लग्नसराईमुळे फुलांना उसंत नसते. तेव्हा आईला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी नाशिकहून मुंबईपलीकडे गेलो नव्हतो, आणि आई मनमाडपलीकडे.

ही गोष्ट दोन हजार नऊची. अंदमानला जायचा विचार करणाऱ्यांना, विशेषतः माझ्यासारख्या काळजी करणाऱ्यांना, उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो आहे.

मी दोनशे पानी वहीत यादी केली. उलटीच्या गोळ्या, दोन कुलुपं, कार्डांच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स. विमानाची तिकिटं नाशकातल्या शालिमार चौकाजवळच्या एजंटानं काढली. त्यानं आईचं मतदान कार्ड समोर ठेवून नाव जसंच्या तसं उतरवलं. त्या कार्डावर आईचं नाव इंग्रजीत ‘कोतिक’ असं छापलेलं आहे. आईचं नाव कौतिकाबाई. दहावीला गणितात राहिलो आणि पुढे शाळा झाली नाही, पण पाट्या रंगवणाऱ्याला वेलांटी चुकवून चालत नाही. आख्खी पाटी पुसावी लागते. त्यामुळे ते ‘कोतिक’ मला कित्येक वर्षं दातात अडकलेल्या काडीसारखं सलत होतं. दुरुस्तीचा अर्जही भरून ठेवला होता, द्यायचा तेवढा राहिला होता.

फुलांचं काम आईनं हाती घेतलं. तिनं उमललेली गुलछडी घेतलीच नाही. निघायच्या दिवशी पहाटे घट्ट मिटलेल्या कळ्या खुडल्या. ओल्या फडक्यात, त्यावर केळीचं पान, मग थर्मोकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांशेजारी. सुई विमानात हातात नेता येत नाही, म्हणून ती सामानाच्या बॅगेत टाकली. मुंडावळ्या तिथं पोहोचून ओवायच्या असं ठरलं. मी विचारलं, कळ्या वाटेत उमलल्या तर? आई म्हणाली, उमलाव्यात म्हणूनच मिटलेल्या घेतल्या.

नाशिक ते मुंबई एसटी, मुंबई ते चेन्नई विमान, विमानतळावर बाकड्यावर मुक्काम, सकाळी पोर्ट ब्लेअरचं विमान. चेन्नईला इडली खाल्ली ती विमानतळाबाहेर जाऊन, कारण आतला दर बघून आईनं ताट परत दिलं. तुम्हीही बाहेरच खा. ते दुसरं विमान तीन तास उशिरा निघालं. आम्ही पोर्ट ब्लेअरला उतरलो तोवर दुपारची सरकारी बोट गेली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या सरकारी बोटीत जागा नव्हती. त्या दिवशीच्या दुपारच्या बोटीनं गेलो असतो तर लग्न लागून पंगतही उठली असती. लग्न दुसऱ्या दिवशीच होतं.

लॉजवाल्यानं सांगितलं की एक नवीन खाजगी बोट सुरू झाली आहे. सकाळी साडेआठला सुटते, दीड तासात हॅवलॉक. भाडं सरकारी बोटीच्या कितीतरी पट, पण आईनं कमरेची पिशवी सोडली आणि विषय संपवला. मी खिडकीवर गेलो, फॉर्म घेतला आणि अतिशय काळजीपूर्वक, सुवाच्य अक्षरात, इंग्रजीत आईचं नाव लिहिलं: कौतिकाबाई. खरं सांगतो, लिहिताना बरं वाटलं. निदान एका सरकारी दिसणाऱ्या कागदावर तरी माझ्या आईचं नाव शुद्ध झालं, असं वाटलं.

तिकडे उजाडतं फार लवकर. सहा वाजता लख्ख ऊन होतं. सात वाजता आम्ही धक्क्यावर होतो, आणि तिथं मी ती बोट पहिल्यांदा पाहिली.

मी होडी म्हणजे गोदावरीतली ओळखतो. ही पांढरीशुभ्र, दोन मजली, आणि खालून पाहिलं तर एक नव्हे, दोन निमुळती अंगं पाण्यात रोवलेली. मधून पाणी आरपार दिसत होतं. बाजूवर नाव रंगवलं होतं ते मी बराच वेळ पाहत राहिलो. तो पत्रा आत वळलेला आहे. सपाट पाटीवर काढतात तशी अक्षरं तिथं काढली तर लांबून बुटकी दिसतील. रंगवणाऱ्यानं प्रत्येक अक्षर वरच्या बाजूला किंचित ताणलं होतं, म्हणून धक्क्यावरून सगळी सारख्या उंचीची दिसत होती. आईला दाखवलं. ती म्हणाली, “दोन पाटांवर ठेवलेली खोली वाटते बघ.” मला त्याहून चांगलं वर्णन अजून सुचलेलं नाही.

फाटकावर एक पिकल्या मिशांचा माणूस तिकीट आणि कार्ड शेजारी धरून तपासत होता. आमची पाळी आली. त्यानं एकदा तिकीट पाहिलं, एकदा कार्ड पाहिलं.

“ये कोतिक कौन है?”

“मैंच हूँ,” आई म्हणाली.

“और ये कौतिकाबाई?”

“वो बी मैंच.”

“दोनों में से एक ही जाएगी, अम्मा.”

मागच्या रांगेत लोक हसले. मी समजावू लागलो की कार्ड चुकीचं आहे आणि तिकीट बरोबर आहे. तो म्हणाला, प्रवाशांची यादी पोलिसांकडे जाते, त्याला बरोबर-चूक कळत नाही, कार्ड कळतं. मग तो जरा नरमला. यादी अजून त्याच्याकडेच होती. तिकीट मीच काढलं होतं, तेव्हा मीच तिकिटावरचं नाव खोडून कार्डाप्रमाणे लिहायचं आणि एका कागदावर तसा अर्ज द्यायचा. साडेआठच्या आत.

आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. मी वहीचं पान फाडलं आणि अर्ज लिहायला बसलो. विषय लिहिला. मायना लिहिला. मग लिहिलं की माझ्या आईचं शुद्ध नाव कौतिकाबाई असून कार्डावर छपाईच्या चुकीमुळे, आणि तिथं अडलो. छपाईची चूक इंग्रजीत कशी लिहायची ते आठवेना. चुकीचं लिहिलेलं द्यायला मन घेईना. खोडलं, दुसरं पान फाडलं. बोटीचा भोंगा झाला. लोक फळीवरून आत जात होते. आई थर्मोकोलचा डबा पोटाशी धरून माझ्यासमोर उभी होती.

“राजू,” ती म्हणाली, “तुला नाव बरुबर लिव्हायचंय का मला लग्नाला न्यायचंय?”

मी तिच्याकडे पाहिलं नाही. तिकिटावरच्या माझ्या सुंदर अक्षरावर रेघ मारली आणि वर लिहिलं: के, ओ, टी, आय, के. अर्जात फक्त एक ओळ लिहिली, सही केली. मिशीवाल्यानं कागद पाहिला आणि म्हणाला, “लिखता अच्छा है.” मग आईला म्हणाला, “जाओ कोतिक अम्मा.” आई त्याला नमस्कार करून फळीवरून गेली, मागे न पाहता.

आता बोटीबद्दल. मी जी भीती वाहून नेली होती ती पहिल्या दहा मिनिटांत निरुपयोगी ठरली. आत बसच्या आसनांसारखी आसनं, गार हवा, पुढे टीव्ही. प्रत्येक आसनाखाली केशरी जाकीट. मी आमची दोन्ही ओढून पाहिली, होती. बंदरातून बाहेर पडेपर्यंत बोट सावकाश चालली. मग खालून एक लांब घरघर आली, आसनाच्या पाठीनं मला पुढे ढकललं आणि खिडकीबाहेरचं पाणी मागे पळू लागलं. पाण्यावरून चालल्यासारखं वाटत नव्हतं, पाण्याच्या थोडं वरून चालल्यासारखं वाटत होतं. लाटा समोरून येत, दोन अंगांमधून निघून जात, आत फक्त बारीक थरथर पोहोचे. मागे पांढऱ्या फेसाचे दोन पट्टे सुटत होते, गेरूच्या रेषा मारायला आम्ही सूत धरतो तसे सरळ.

पाण्याच्या रंगाविषयी लिहायला मला माझ्या शेडकार्डाचाच आधार आहे. बंदरात होता तो बाटलीचा हिरवा. मग आकाशी. मग खोल पाण्यात एक निळा आला जो मी डब्यातून कधीच बाहेर काढू शकलो नाही. दोन निळे मिसळून त्यात काळ्याचा एक थेंब टाकला तर जवळपास जाता येईल, पण तो मेलेला दिसेल. हा जिवंत होता.

बोट चालू असताना डेकवर जाऊ देत नाहीत, हे आधी माहीत असू द्या. ज्यांना वारा खायचा आहे त्यांनी सरकारी बोटीनं जावं. आणि मळमळीची भीती असेल तर खालच्या मजल्यावर मधली जागा मागून घ्या. मी गोळी घेतली होती. आईनं घेतली नाही आणि तिला काहीच झालं नाही.

तिनं डबा उघडला. कळ्यांची टोकं नुकती सुटली होती, अर्ध्या उमलल्या होत्या. गार हवेत वास सगळ्या खोलीत पसरला. गणवेशातला एक तरुण कर्मचारी आला. मला वाटलं, डबा वाटेतून हलवा म्हणून रागावणार. त्यानं डबा उचलला खरा, पण जिथून गार वारा थेट येत होता तिथं नेऊन ठेवला आणि मुठीत मावतील तेवढ्या कळ्या आईच्या मांडीवर ओतल्या. आईनं सुईत दोरा एकाच प्रयत्नात ओवला. मी तेवढ्यासाठीच त्या बोटीला मानतो. एवढ्या वेगात, भर समुद्रात, चाळिशीचा चष्मा घरी विसरलेल्या बाईला सुई ओवता आली.

ती एकेक कळी ओवत होती. मधेच मला म्हणाली, “सुमनचं लगीन झालं तवा मुंडावळ्या मीच केलत्या. लय लहान होते मी. एक बाजू आखूड झालती.” मग हसली. “दिवसभर मान वाकडी करून बसली, कुनाला सांगितलं नाय.”

हॅवलॉकचा धक्का दहाच्या आधीच आला. खालची वाळू दिसेल इतकं पाणी स्वच्छ होतं. धक्क्याच्या टोकाला मावशी उभी होती. मी तिला फोटोवरून ओळखलं असतं की नाही, सांगता येत नाही. दोघी एकमेकींसमोर येऊन थांबल्या. मावशी पहिलं वाक्य बोलली ते असं: “कवते, दोन्ही बाजू सारख्या केल्यास ना?”

आईनं मुंडावळ्या तिच्या हातांवर ठेवल्या. मावशीनं दोन्ही टोकं जुळवून मापली, तिथंच, उतरणाऱ्या लोकांच्या गर्दीत. मग मात्र रडू येऊन तिचं तोंड वाकडं झालं आणि आईनं तिला जवळ घेतलं. मी सामान मोजत उभा राहिलो. नग बरोबर होते.

साडेबाराला लग्न लागलं. नारळाच्या बागेत मांडव, वीजघरातले सगळे कामगार वऱ्हाडी. गुलछडी तोवर पूर्ण उमलली होती. नवरदेवाची आई त्या फुलांना हात लावून लावून बघत होती. आईनं उरलेल्या फुलांची वेणी करून तिच्या अंबाड्यात खोवली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपारभर मासे कसे करायचे यावर त्यांचं बोलणं चाललं होतं. आमच्यासाठी वरण-भात वेगळा होता. मी मासा खाऊन पाहिला. चांगला होता.

चार दिवस राहिलो. तिथं राहायला धक्क्याजवळ साध्या खोल्या मिळतात. फोन सरकारी कंपनीचाच लागतो, तोही मन असेल तेव्हा. सायकल भाड्यानं घ्या. परत येताना सरकारी बोटीनं आलो. डेकवर उभं राहून उडणारे मासे पाहिले. तीही छान होती, पण वेळ तिप्पट लागला. आईनं अर्ध्या वाटेतच विचारलं, आपली ती खोली आज का नाही? परतीच्या तिकिटावर मी नाव पहिल्यापासूनच के, ओ, टी, आय, के असं घातलं होतं.

जाणाऱ्यांना माझा मुख्य सल्ला हाच आहे. तिकिटावर नाव कार्डावर आहे तसं लिहा, अक्षर न् अक्षर, मग ते कितीही खटको. दुरुस्ती घरी बसून करा, धक्क्यावर नको. मी दुरुस्तीचा अर्ज परत आल्यावर देऊन टाकला. पोच मिळाली आहे.

महिन्याभरानं मावशीचं पाकीट आलं. आत एकच फोटो होता. मांडवात शीतल बसलेली, कपाळावर मुंडावळ्या, दोन्ही बाजू अगदी सारख्या, आणि मागे आई गाठ मारते आहे. मावशी दुसरीपर्यंत शिकलेली. फोटोच्या पाठीमागे तिनं बॉलपेननं दाबून लिहिलं होतं, ‘कवतीका आलि तो दीवस’.

चार शब्दांत चुका तीन. सवयीनं कानामागची पेन्सिल माझ्या हातात आली होती. मी ती परत कानामागे ठेवली. फोटो काचेत बसवायला दिला तेव्हा दुकानदाराला सांगितलं, मागे पुठ्ठा लावू नका, दोन्ही बाजूंनी काच लावा.