एकोणीस शब्दांचा कागद

बारा वर्षं मी मेलेल्यांचे कागद लिहिले, आणि माणसं आली नाहीत म्हणून एकही मयत अडून राहिलं नाही. हे फुशारकीनं सांगते. पुढं जे सांगायचंय त्यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही.

आमच्या बेटावरच्या कार्तिए मिलितेर गावच्या चर्चमध्ये मी टायपिस्ट होते. घरात देव्हारा, देव्हाऱ्यात गणपती, आणि पगार मात्र मोंपेरकडून, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांकडून. आई म्हणायची, "पोटाला जात नसते." रविवारचं पत्रक, बाप्तिस्म्याचे दाखले, जत्रेच्या सूचना, सगळं मीच करायची. पण पंचक्रोशीत मला ओळखायचे ते कागदांमुळं. कुणी गेलं की मी क्रेओलमध्ये, म्हणजे बेटावरच्या सगळ्यांच्या बोलीत, कागद टाइप करायची, कार्बन घालून आठ-दहा प्रती काढायची आणि सकाळच्या बसच्या कंडक्टरला द्यायची. तो वाटेतल्या गावांत चिनी दुकानांच्या दारांवर चिकटवत जायचा. ज्याला वाचता येत नसे त्याला दुकानदार वाचून दाखवायचा. दुपारी चारला माती.

माझा कागद लांबलचक असायचा. कुणाची लेक, कुठल्या घरातली, कोणत्या मळ्यात राबली, बाजारात काय विकायची, लोक तिला काय म्हणायचे, सगळं आधी. चर्चच्या वहीतलं नाव अगदी शेवटी. कारण वहीतलं नाव आमच्याकडं वहीतच राहतं. बाप्तिस्म्याला एकदा घेतलं की थेट क्रुसावर. मधल्या साऱ्या जन्मात त्या नावानं हाक मारली तर माणूस वळूनसुद्धा बघायचा नाही.

आमच्या शेजारी एक मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण नात्याहून जास्त. बाजारात दालपुरी विकायची, म्हणून सारं गाव तिला दालपुरीवाली म्हणायचं. मूळची मोंतान्य ब्लांश गावच्या मराठ्यांची लेक. तरुणपणी एका ख्रिस्ती सुताराशी लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला, आणि त्याच दिवशी तिच्या थोरल्या भावानं तिच्या नावानं अंघोळ केली. लेक मेली, संपलं. पुढं सुतारही गेला. मूलबाळ नव्हतं. तीस-एक वर्षांनी एका भाजीवालीकडून भावाचा निरोप आला, "जिवंतपणी तिची पायरी चढणार नाही, शपथ घातलीय. पण ती गेली की माहेरचं लुगडं मीच घालणार."

मावशी हसली आणि रडलीही. "मेला हट्टी! पण येईल बघ." मग माझा हात धरून म्हणाली, "बायो, माझा कागद तू लिही हां. आधी माझ्या बापाचं घर लिही. माझ्या भावाला कळलं पाहिजे. एवढं एकच काम तुझ्याकडं."

मी म्हटलं, "मावशी, हे काय सांगणं झालं?"

ते आमचं बेट स्वतंत्र व्हायच्या आधीच्या दोन-तीन वर्षांतले दिवस. रोममध्ये मोठी धर्मसभा झाली होती आणि चर्च नवं करायचं वारं आमच्या बेटापर्यंत पोचलं होतं. पत्रकं लिहिणारे, सूचना वाचणारे, टाइप करणारे, अशा आम्हा वीसेक जणांना शहरातल्या एका मठात तीन दिवस शिकायला बोलावलं. शिकवणारे फादर परदेशातून आलेले. गोरेपान, हसरे, हातात खडू. मी नवी साडी नेसून गेले होते. कुणी मला काही शिकवायला बोलावलंय, हेच केवढं अप्रूप!

दुसऱ्या दिवशी त्यांनी आमचे जुने कागद मागवले. माझाच उचलला आणि मोठ्यानं वाचला. "अमक्याची धाकटी, तमक्या गाडीवानाची नात, जिच्या मिरच्यांच्या लोणच्याला तोड नव्हती..." हॉल हसला. फादरही हसले, मायेनंच म्हणा. "ही बातमी आहे की गावगप्पा?" मग फळ्यावर लिहिलं: वीस शब्दांच्या आत. नोंदीतलं नाव, वय, वेळ, ठिकाण. बस्स.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. पण खरं सांगू? राग नाही आला. उलट वाटलं, अरे, इतकी वर्षं आपण अडाण्यासारखं लिहीत होतो की काय! तिसऱ्या दिवशी मी सगळ्यांत आखूड कागद लिहिला. फादर म्हणाले, "ब्राव्हो." त्या एका शब्दावर मी माझी बारा वर्षांची अक्कल ओवाळून टाकली.

महिन्याभरात मावशी पहाटे झोपेतच गेली. मीच तिला न्हाऊ घातलं, आणि तशाच ओल्या पदरानं ऑफिसात जाऊन टाइपरायटरसमोर बसले. मोंपेरनी वही उघडून दिली. त्यात तिचं लांबलचक फ्रेंच नाव, सुताराचं आडनाव. ते मी पहिल्यांदाच वाचत होते. टाइप केलं, शब्द मोजले. एकोणीस.

तिला दिलेला शब्द विसरले होते म्हणाल तर नाही. लख्ख आठवत होता. बापाच्या घराची एक ओळ घालायला हात उचललासुद्धा. पण मनात आलं, एकदा घातली की पुन्हा तेच गावठी. आणि माझा कागद कधी चुकलाय का? कळेल त्याला. त्याच बसनं माणूस पाठवता आला असता, तेही सुचलं नाही, इतका माझा त्या कागदावर भरवसा.

शेजारपाजार आला, बाजारातल्या बायका आल्या. भाऊ नाही आला. मी पेटीचं झाकण लावू देईना. "थांबा, येईल. मोंतान्य ब्लांशची बस यायचीय." बस आली, गेली. मोंपेर घड्याळ बघायला लागले. शेवटी सुताराच्या घरच्या पांढऱ्या चादरीतच तिला घालवली.

मग आठ दिवस मी त्या माणसाला शिव्या घातल्या. बाजारात, विहिरीवर, जो भेटेल त्याच्याजवळ. दगड म्हटलं, कसाई म्हटलं. सख्ख्या बहिणीच्या मढ्यावर सूड उगवला म्हटलं. माझ्या जिभेला हाड नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी एक म्हातारा चर्चच्या ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं हिरवं लुगडं. भाजीवालीनं त्याला आदल्या दिवशी विचारलं होतं, "बहिणीला पोचवायला का नाही आलास रे?" तेव्हा त्याला कळलं.

"मामा," मी म्हटलं, "दुकानावर कागद नव्हता लागला?"

"होता की," तो म्हणाला. "चिन्यानं वाचून दाखवला. मी तिथंच उभा. कुणी फ्रेंच मदाम असेल म्हटलं. टोपी काढली, बिचारी म्हटलं, आणि मीठ घेऊन घरी गेलो."

त्यानं डोळे पुसले आणि विचारलं, "कुणी लिहिला गं तो कागद?"

मी म्हटलं, "शहरातल्या ऑफिसातून आला होता."

"तरीच," तो म्हणाला. त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, तू लिहिला असतास तर मला कळलं असतं."

मी म्हटलं, "हो, मामा."